बसल्या बसल्या सरकणारी लेक: नागपुरातल्या एका घरातलं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. मुलगी, पहिलंच अपत्य, पूर्ण दिवसांची, जन्मताच रडलेली, वजन 2.9 किलो, लसी सगळ्या वेळच्या वेळी. सातव्या महिन्यात आधाराशिवाय बसली. पालथं टाकलेलं तिला कधीच खपलं नाही आणि ती रांगलीही नाही. दहाव्या महिन्यात बसल्या बसल्या, एक पाय पुढे टाकून, ढुंगणावर सरकायला लागली आणि त्यात इतकी पटाईत झाली की स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायला तिला कोणाची गरज उरली नाही. पंधराव्या महिन्यातही ती आपणहून उभी राहत नव्हती. काखेत धरून उभं करायला गेलं की पाय वर उचलून हवेतच बसायची. चालली साडेअठराव्या महिन्यात.

मी तिची आई. त्यामुळे हे लिखाण तटस्थ असल्याचा दावा करत नाही. पण बँकेच्या नोकरीने तारखा आणि चिठ्ठ्या जपून ठेवायची सवय लावली आहे, तिच्या भरवशावर हे मांडते आहे. उशिरा चालणाऱ्या मुलाच्या आईबापांना सल्ले भरपूर मिळतात. एका मुलीच्या बाबतीत काय तपासलं, काय बदललं आणि त्यातलं कशाला किती श्रेय द्यायचं, एवढं सलग सांगणारं मात्र मला कोणी भेटलं नाही, म्हणून हा खटाटोप.

घर आणि त्यातला उन्हाळा

आमचं घर मानेवाड्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. वर गच्ची, म्हणजे स्लॅब थेट उन्हात. घरात मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये काम करतो, मी सकाळी साडेनऊला निघते ती संध्याकाळी सहा-साडेसहाला परतते. मधला सगळा दिवस लेक आणि आई. आईंचे गुडघे दुखतात. खाली बसल्या तर उठायला खुर्चीचा आधार लागतो.

लेक मार्चमधली. सरकायला शिकली ती जानेवारीत, हिवाळ्यात, जेव्हा नागपूरच्या घरात फरशीवर सतरंजी अंथरून, दारातून येणाऱ्या उन्हात पोर सोडून देता येते. पहिला वाढदिवस झाला आणि पंधरवड्यात कूलर लागला. नागपूरकरांना यापुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: एप्रिलपासून इथे पारा चाळिशीच्या वर जातो, मे महिन्यात 44-45 नेहमीचंच, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. वरच्या मजल्यावरचं घर असं तापतं की भिंतीला हात लावला तरी कळतं. चार खोल्यांचं घर असलं तरी उन्हाळ्यात राहणं एकाच खोलीत, कूलरसमोर.

त्या खोलीत दिवाण आणि पलंग. कूलरच्या ताटीतून पाणी शिंतोडतं, खालची फरशी ओली, वायर जमिनीलगत. अशा ठिकाणी वर्षाचं पोर खाली कोण सोडेल? मग लेक दिवाणावर, भोवती उशा. आई पोळ्या करायला उठल्या की लेक वॉकरमध्ये. तो वॉकर वाढदिवसाला तिच्या मामाने आणलेला, पुढे गाणी वाजवणारी बटणं असलेला. संध्याकाळी मी आले की कडेवर, नाहीतर सातनंतर गाडीवर एक चक्कर. रात्री जेवण भरवताना मांडीवर.

जूनच्या सुरुवातीला एका रविवारी मी कॅलेंडरच्या पानामागे तिचा दिवस लिहून काढला. काही सिद्ध करायचं नव्हतं, बालरोगतज्ज्ञ मॅडमनी फोनवर विचारलं होतं, "दिवसभर असते कुठे ती?" लिहिल्यावर दिसलं ते असं: जागेपणीच्या अकरा-बारा तासांत ती मोकळ्या जमिनीवर असायची जेमतेम सकाळचा तासभर, उन्हं चढायच्या आत. बाकी सगळा वेळ कुठेतरी ठेवलेली: दिवाणावर, वॉकरमध्ये, कडेवर, मांडीवर, स्कूटरवर. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईने 45 अंशांत एकटीने पोर सांभाळायची तर दिवस असाच आखला जाणार.

तरीही हा कागद या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे, असं माझं मत आहे. नंतर काढलेल्या रक्ताच्या रिपोर्टपेक्षाही.

शेजार आणि तक्ते

"काऊन गं, चालून नाही राहिली का अजून? आमचा तर दहाव्या महिन्यातच धावे." हे खालच्या काकूंचं. त्यांचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे आठवण जुनी, पण खात्री ताजी. दुसऱ्या बाजूला आई. त्यांना काहीच वाटत नव्हतं. "हिचा बाप बी असाच सरके. दीड वर्षाचा झाला तवा उठला अन् थेट पळालाच." नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता, त्याला आठवणार कुठून? पण माझ्या मोठ्या नणंदेनेही तेच सांगितलं, आणि हा धागा पुढे कामाला आला.

तक्त्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली हालचालींच्या सहा टप्प्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली आठशेच्या वर निरोगी मुलं त्यात होती. भारतातली दक्षिण दिल्लीतली. त्यांनी प्रत्येक टप्प्यासाठी एक वय दिलं नाही, खिडकी दिली. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. एकट्याने उभं राहणं 6.9 ते 16.9. एकट्याने चालणं 8.2 ते 17.6. म्हणजे काकूंचा दहा महिन्यांचा मुलगा आणि सतरा महिन्यांचं पोर, दोघंही त्या खिडकीत बसतात. आणि याच अभ्यासातली सुमारे चार टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. रांगणं चुकलं म्हणून मी रात्री जागवल्या होत्या, ते निदान या आकड्याने थांबलं.

अमेरिकेतल्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, 2022 साली आपला तक्ता बदलला. पूर्वी निम्मी मुलं जे ज्या वयात करतात ते त्या वयाखाली लिहायचे. आता 75 टक्के किंवा जास्त मुलं करतात ते लिहितात. त्यात रांगणं काढूनच टाकलं आहे, आणि काही न धरता चालणं 18 महिन्यांच्या रकान्यात आहे. हा बदल मला समंजस वाटतो. निम्म्या मुलांच्या हिशोबाने तक्ता केला की उरलेल्या निम्म्या घरांत उगीच चिंता, आणि डॉक्टरही "पाहू अजून थोडं" म्हणायला मोकळे. 75 टक्क्यांच्या तक्त्यात मागे पडलं तर खरोखर विचारायला जावं असा संकेत आहे.

पण मॅडमनी वापरला तो तिसराच. त्रिवेंद्रमच्या बाल विकास केंद्राने तयार केलेला, दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा, 17 बाबींचा एक पानी तक्ता. प्रत्येक बाबीसाठी एक आडवी पट्टी, खाली महिने. मॅडमनी सोळा महिन्यांवर फूटपट्टी उभी ठेवली. फूटपट्टीच्या डावीकडे ज्या बाबीची पट्टी संपली ती मुलाला यायलाच हवी. मला हा तक्ता आवडला, कारण त्यात शेजाऱ्याच्या मुलाला जागा नाही.

तपासणी

जुलैत, सोळा महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर द्यायचा होता. त्याच खेपेला मॅडमनी तिला नीट पाहिलं. हा भाग सविस्तर लिहिते, कारण "डॉक्टरांना दाखवलं" या दोन शब्दांत नेमकं काय होतं ते बाहेर कोणाला कळत नाही.

आधी त्यांनी तिला हातच लावला नाही. खाली सोडलं आणि पाहत बसल्या. ती सरकली. कोणता पाय पुढे टाकते, दुसरा पाय नुसता ओढला जातो की ढकलायला वापरते, खेळणं कोणत्या हाताने घेते. या वयात मूल सतत एकाच हाताने सगळं करत असेल तर दुसऱ्या हातात काही दोष नाही ना ते पाहावं लागतं. आमची दोन्ही हातांनी घेत होती, आणि दुसरा पायही ढकलायला वापरत होती. मग काखेत धरून उचललं. पाय लगेच समोर, हवेत बसल्यासारखे. मॅडम हसल्या. "ही सरकणाऱ्या मुलांची ओळखच आहे," म्हणाल्या. "घरात आणखी कोणी असं होतं?" मी नवऱ्याचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं. सरकणारी मुलं बरेचदा दीड वर्षानंतर चालतात, काही दोन वर्षांच्या जवळ, आणि हे घराण्यात उतरतं, हे त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. आई सोबत होत्या. घरी येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला विजय म्हणतात.

पण त्यावर मॅडम थांबल्या नाहीत. मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या उघडतात का, पायांची लांबी सारखी आहे का, मांडीवरच्या वळ्या सारख्या आहेत का. म्हणजे खुब्याचा सांधा जागेवर आहे ना. पाय ताठ आहेत की सैल. डोक्याचा घेर. पाठीच्या कण्यावर कुठे खळगा किंवा केसांचा पुंजका. मग चालण्याशी संबंध नसलेले प्रश्न: हाक मारली की वळते? बोटाने दाखवते? आपण दाखवलं तिकडे पाहते? किती शब्द? हे सगळं ठीक असेल तर फक्त चालणं लांबलं आहे; हेही मागे असेल तर प्रश्न वेगळा आणि घाई जास्त. मुलगा असता आणि अठरा महिन्यांना चालत नसता तर स्नायूंच्या एका आनुवंशिक आजारासाठी सीपीके ही रक्ताची तपासणी करावी लागली असती, असंही त्यांनी सांगितलं. तो आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो.

बोटाने दाखवण्याच्या प्रश्नावर मी अडखळले. दाखवते का? उत्तर आईंनी दिलं. "कावळा दाखवते ना. रोज सकाळी. माठही दाखवते, पाणी पाहिजे असलं की." पुढे त्या सांगतच राहिल्या: स्टीलच्या फुलपात्रातून पाणी पिते, अर्धं सांडते. वरणभात स्वतः कालवते. मोजे काढून फेकते. घरात कोणी चप्पल घातली की टाटा करायला लागते. यातलं मला ऐकून ठाऊक होतं, पण टप्पा म्हणून मोजलं नव्हतं. चालते का, या एका प्रश्नापुढे घरातल्या मोठ्या माणसांना दुसरं काही दिसत नव्हतं. त्या खोलीत मुलीच्या प्रगतीची खरी वही कोणाकडे आहे हे कळलं, आणि ती माझ्याकडे नव्हती.

शेवटी खाणंपिणं. दूध किती? बाटलीने, दिवसातून चार-पाच वेळा, म्हशीचं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की पोट भरतं, बाकीचं अन्न कमी जातं, आणि दुधात लोह जवळपास नसतंच. हिमोग्लोबिन निघालं 9.4. या वयात अकराच्या आसपास हवं. ही गोष्ट आमच्याच घरची नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण 67.1 टक्के होतं. रक्त कमी असलेलं मूल लवकर दमतं, धडपड कमी करतं, आणि लोहाच्या कमतरतेचा हालचालींच्या वाढीशीही संबंध आढळलेला आहे.

घरी नेण्यासारखं त्यांनी आणखी एक दिलं, ते म्हणजे तारीख. "वाट पाहा" असं त्या म्हणाल्या नाहीत. अठरा महिने पूर्ण होतील त्या आठवड्यात पुन्हा या, चालत असो वा नसो. नसेल तर थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि फिजिओथेरपी. माझ्या मते वाट पाहणं आणि तारीख लावून वाट पाहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्यांना खाजगी डॉक्टर परवडत नाही त्यांच्यासाठीही हा रस्ता आहे: 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवतात. नागपुरात मेडिकललाही, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, अशा मुलांसाठी व्यवसायोपचाराचा जुना विभाग आहे. आपल्याकडे माता-बाल संरक्षण कार्डावर टप्पे छापलेले असतात, तेही कोणी उघडून पाहत नाही. लशीचं पान तेवढं पाहतात.

काय बदललं

लोहाचं औषध सुरू झालं. जिभेच्या मागच्या बाजूला द्यायचं, नाहीतर दातांवर काळे डाग पडतात, दुधासोबत नाही, शी काळी झाली तर घाबरायचं नाही. बाटली बंद, दूध फुलपात्रातून, दोनदाच. पहिला आठवडा घरात रडारड होती, एवढंच सांगते.

वॉकरची गोष्ट लांबली. 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयर्लंडमधल्या 190 मुलांचा एक अभ्यास आला होता: वॉकरमध्ये घालवलेल्या दर 24 तासांमागे एकट्याने उभं राहणं 3.7 दिवसांनी आणि चालणं 3.3 दिवसांनी लांबलेलं आढळलं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकर विकायलाच बंदी घातली, ती मुख्यतः जिन्यावरून पडणाऱ्या मुलांमुळे. मी हे आईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग पोळ्या लाटतानी पोट्टी ठेवू कुठं? तव्यावर?"

प्रश्न रास्त होता. आयर्लंडचा अभ्यास खरा असला तरी त्यात तव्याची सोय नव्हती. शिवाय त्या अभ्यासावरून वॉकरमुळेच उशीर होतो असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या घरात वॉकर जास्त वापरतात त्या घरात जमीन कमी वाट्याला येते, आणि खरं कारण तेही असू शकतं. म्हणून आधी सोय केली. स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याच्या वर येईल अशी आडवी फळी बसवून घेतली. फळीच्या बाहेर, आईंना दिसेल अशा जागी, सतरंजी आणि त्यावर वाट्या, झारा, रिकामे डबे. लेक फळीला टेकून बसायची आणि आतलं पाहता यावं म्हणून मान लांब करायची. त्या फळीने काम केलं ते आम्ही योजलं नव्हतं. आत फोडणी तडतडली की तिला दिसायला हवं असायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती फळी धरून उभी राहिली. त्याच आठवड्यात माठाच्या तिवईला धरून उठली, तोटी फिरवली आणि अर्धा माठ जमिनीवर. आईंनी मला ऑफिसात फोन करून आधी पाण्याची तक्रार केली, मग कारण सांगितलं.

पाऊस सुरू झाल्यावर तसंही घर बदललं. कूलर कोपऱ्यात गेला, वायर गेली, सगळ्या खोल्या पुन्हा वापरात आल्या. फरशी गार. हे श्रेय आमचं नाही, ऋतूचं आहे, आणि पुढचा हिशोब मांडताना ते वेगळं काढता येत नाही.

एका फिजिओथेरपिस्टची भेट अठरा महिन्यांच्या आधीच घेतली, कारण नवऱ्याला धीर धरवेना. त्या ताईंनी यंत्रं-बिंत्रं काही काढली नाहीत. पाट मागितला. लेकीला पाटावर बसवलं, पावलं पूर्ण जमिनीला टेकवली, आणि समोर दिवाणावर खेळणं ठेवलं. उठायचं तर पुढे झुकून पायांवर भार घ्यावाच लागतो. हे दिवसातून जमेल तेव्हा, खेळ म्हणून. दोन्ही हात वर धरून चालवणं बंद करायला सांगितलं. तसं चालवलं की मूल पुढे झुकून लोंबकळतं, तोल सांभाळायला शिकत नाही. धरायचं तर कमरेला. आणि घरात अनवाणी. चूं चूं वाजणारे बूट दोन जोड आले होते, ते कपाटात गेले. तळपायाला जमीन कळली पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

आईंनी तिथे पांगुळगाड्याचा विषय काढला. लाकडी, तीन चाकांचा, मूल मागून उभं राहून ढकलतं तो. ताईंनी लगेच मान्य केला. वॉकरमध्ये मूल कापडी झोळीत बसून पायाच्या चवड्यांनी ढकलतं. पांगुळगाड्यात उभं राहावं लागतं, भार पायांवर, तोल स्वतःचा. फक्त आजच्या गुळगुळीत टाइल्सवर तो सुसाट पळतो, म्हणून पुढच्या दांडीला दोन-तीन किलोची पिशवी बांधा. आम्ही तांदळाची बांधली. जुन्या घरांत मातीची, शेणाने सारवलेली जमीन असायची, तिथे याची गरज पडत नसणार.

तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी, लहानांचे लाकडी नंदी दुसऱ्या दिवशी. चाकांवरचा नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात माळ, दोरी धरून मुलं ओढतात, घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेतात. नागपुरात त्याच दिवशी इतवारी-महालात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्यामुळे शहर दोन भागांत वाटलेलं असतं: ज्यांच्या घरी लहान पोर आहे ते, आणि बाकीचे.

नंदी नवऱ्याने आणला, वीतभर उंचीचा, लाल झूल रंगवलेला. वस्तीतल्या कार्यक्रमात दीड ते आठ वर्षांची मुलं रांगेत. आमची सतरा महिन्यांची, दोन आठवडे वयाने कमी, पण कोणी दाखला मागितला नाही. ती फरशी धरून, म्हणजे फरशीला चिकटून, दोरी एका हातात घेऊन, बसल्या बसल्या नंदी ओढत गेली. लोक हसले. मला वाईट वाटावं असं काही त्यात नव्हतं, तरी मी मोबाइल खाली घेतला. काकू म्हणाल्या, "अगं काढ ना व्हिडिओ, नंदीही बसूनच असते." तिला बोजारा मिळाला: एक पाटी, खडू आणि दहाची नोट. नोट तिने चावली.

नंतर कळलं की मुलाने दोरी धरून मागचं खेळणं ओढत चालणं हा दीड वर्षाच्या पुढचा एक पारखलेला टप्पा आहे. चालताना लक्ष मागे ठेवायचं म्हणजे तोल पक्का हवा. विकासाचे तक्ते छापण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे त्याची परीक्षा भर रस्त्यात, बक्षिसासकट घेतली जाते आहे.

मग चालली

अठरा महिन्यांच्या तारखेला आम्ही ठरल्याप्रमाणे मॅडमकडे गेलो. दिवाण धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती, पांगुळगाडा ढकलत होती, एकटी चालत नव्हती. हिमोग्लोबिन 11.2. थायरॉइड ठीक, ड जीवनसत्त्व थोडं कमी; त्याचं औषध आलं. उभं राहायला लागली आहे त्याअर्थी दिशा बरोबर आहे, आणखी चार आठवड्यांनी या, म्हणाल्या. त्या चार आठवड्यांच्या आत ती चालली.

पहिलं पाऊल कोणी पाहिलं यावर घरात एकमत नाही. आई म्हणतात दुपारी, त्या फळीपासून फ्रिजपर्यंत. नवरा म्हणतो रात्री त्याच्यासमोर. मी घरी नव्हते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

कशाने काय

आता हिशोब. घराण्यातलं सरकणं हे मुख्य कारण होतं, हे मला पटतं. बापलेक दोघंही साधारण एकाच वयात चालले, आणि बापाच्या वेळी वॉकर नव्हता, कूलरची एकुलती खोलीही नव्हती. तेव्हा सासरचे सगळे भिवापूरच्या बाजूच्या खेड्यात, मातीच्या घरात राहत होते. म्हणजे काहीही न बदलता ती कदाचित याच सुमारास चालली असती. सल्ला देणाऱ्याला आणि पाळणाऱ्याला दोघांनाही हे ऐकायला आवडत नाही.

पण रक्त 9.4 वर ठेवून ती चालली असती तरी ते चांगलं झालं नसतं. ते सापडलं ते चालण्याच्या चिंतेमुळे. वॉकर किती कारणीभूत, उन्हाळा किती, पाटावरचा व्यायाम किती, हे एका मुलीवरून कोणालाही सांगता येणार नाही. त्याच दोन महिन्यांत सगळं एकदम बदललं. मला सांगता येतं ते एवढंच की कॅलेंडरमागचा कागद पाहिल्याशिवाय यातला एकही प्रश्न विचारला गेला नसता. मूल किती महिन्यांचं आहे हे सगळे विचारतात. ते जमिनीवर किती वेळ असतं हे मॅडमशिवाय कोणी विचारलं नाही.

पुढचा उन्हाळा येतो आहे आणि त्याची तयारी या वेळी वेगळी आहे. दिवाण भिंतीच्या त्या बाजूला हलवला आहे, कूलर खिडकीत उंच घोडीवर बसवणार, वायर वरून. त्याच खोलीत मधोमध सतरंजीएवढी कोरडी जागा सुटते. आईंसाठी गुडघ्याएवढा मोढा आणला आहे, म्हणजे त्या खाली न बसता तिच्याजवळ राहू शकतील.

वॉकर माळ्यावर आहे. भंगारवाल्याला देऊ म्हटलं तर आईंनी नको म्हटलं. धाकट्या नणंदेला जूनमध्ये होणार आहे, तिच्याकडे पाठवायचा त्यांचा बेत आहे. "तिच्या घरी फळी बसवून कोण देईल?" असं त्यांचं म्हणणं. सुताराचा नंबर मी नणंदेला पाठवला आहे.